दुसऱ्या परीक्षकाचं नाव

आमच्या ऑफिसात तिला कुलूप म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं. एकदा मी चुकून समोरच म्हणून गेले, तर हसून म्हणाली, "म्हण की. पोकळ डबा तर नाही ना म्हणालीस!"

ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि तीन माणसं. संपादक सर, ती आणि मी. मानवी पोषणावरच्या संशोधनाचं जर्नल आम्ही काढायचो, दोन महिन्यांनी एक अंक. पोषण म्हटलं की लोकांना वाटतं, पाककृती छापत असतील. माझ्या जावेने एकदा विचारलं होतं, "तुमच्यात केक कसा करायचा ते येतं का गं?" कप्पाळ! आमच्यात यायचं ते गरोदर बायकांच्या रक्तातलं लोह, मिठाने चढणारा रक्तदाब, शाळकरी पोरांची उंची, म्हाताऱ्यांची हाडं. पानंच्या पानं तक्ते. बेरजा जुळतात का, टक्के शंभर होतात का, हे बघणं माझं काम. एकोणीस वर्षं चुका काढून तुझा स्वभाव कडवट झालाय, असं माझा नवरा म्हणतो. तो आधीपासूनच तसा होता, त्याला उशिरा कळलं एवढंच.

कुलपाचं काम माझ्याहून नाजूक होतं. जर्नलची रीत अशी, की आलेला लेख छापायचा की नाही हे आम्ही तिघं ठरवत नाही. त्याच विषयातल्या दोन जाणकारांकडे तो वाचायला पाठवायचा. हे परीक्षक. ते लेखातली ढिलाई दाखवतात, छापा म्हणतात किंवा छापू नका म्हणतात. त्यांचं मत लेखकाला जसंच्या तसं कळवायचं, पण ते मत कुणाचं, हे त्याला मरेपर्यंत कळू द्यायचं नाही. का, ते उघड आहे. हे जग टीचभर. आज ज्याच्या कामात तुम्ही खोट काढलीत, तोच उद्या तुमच्या मुलाखतीला टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो. नाव झाकलेलं असेल तरच माणूस खरं बोलतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ म्हणजे ही बाई. परीक्षकांची नावं एका हिरव्या रजिस्टरात, रजिस्टर लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात दोरीला. आणि तिची स्वतःची एक पद्धत होती, जी मी दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात ऐकली नाही. परीक्षकाकडून आलेलं मत ती कधीच आहे तसं लेखकाला पाठवायची नाही. कोऱ्या पानावर पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः टाईप करायची. चार पानं असोत की चौदा. मी म्हणायचे, "अगं, एका बटणाचं काम, बोटं कशाला झिजवतेस?" ती म्हणायची, "दुसऱ्याच्या कागदाला दुसऱ्याचा वास असतो. माझ्या कागदाला फक्त माझा." मी मनात म्हणायचे, खुळी आहे झालं.

घरीही तशीच. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, तोही अबोल. पुढच्या खोलीत चाळीस घड्याळं टिकटिक करतात आणि ही दोघं गप्प. मी एकदा गेले होते, तर अर्ध्या तासात मलाच वेड लागायची पाळी आली. डब्यात काय आणलंस विचारलं तर म्हणायची, "उघडला की दिसेल."

पण एकदा बोलली होती. जेवणाच्या सुट्टीत, कशावरून कोण जाणे. विशीत असताना ती एका मोठ्या अभ्यासात लहान मुलांची वजनं करायची. मूल काट्यावर ठेवायचं. ते रडतं, मुततं, हातपाय झाडतं, काटा थरथरत राहतो. तो थांबेपर्यंत थांबायचं आणि मगच आकडा लिहायचा. एका महिन्यात काम मागे पडलं, तेव्हा प्रमुखांनी सांगितलं, मागच्या वजनात थोडं थोडं घालून घरी बसूनच लिहा. सगळ्यांनी लिहिलं. हिने वरच्या साहेबांना पत्र पाठवलं, शेवटी विनंती केली की माझं नाव कुणाला कळू देऊ नका. आठ दिवसांनी प्रमुखांनी सगळ्यांना एका खोलीत बोलावलं, खिशातून तेच पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. सहीसकट.

"मी तिसऱ्या रांगेत उभी होते," ती म्हणाली. "माझ्याकडे वळून बघायचं कुणी बाकी राहिलं नाही." त्यानंतर चार वर्षं तिला कुणी काम दिलं नाही. एवढं बोलली, डबा धुतला आणि टाईप करायला बसली. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आता त्या लेखाचं सांगते. तो आला एका फार मोठ्या डॉक्टरांकडून. मोठे म्हणजे असे, की ते जिन्यात भेटले तर आमचे सर दोन पायऱ्या खाली उतरून उभे राहायचे. लेखाचा विषय, तान्ह्या मुलांना द्यायची एक पोषक भुकटी. दीडशे मुलांना चार महिने दिली आणि त्यांची वजनं कशी झपाझप वाढली, असं म्हणणं. छापून आलं की ती भुकटी दवाखान्यादवाखान्यात जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पहिल्या परीक्षकाने चार ओळींत वाहवा केली. दुसरी परीक्षक होती एक तरुण मुलगी. एका हॉस्पिटलात कराराच्या नोकरीवर होती आणि मुलांच्या वाढीच्या आकड्यांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लेख वाचायला घेतल्यावर तिला कळलं, की तिला नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून नुकतेच हेच मोठे डॉक्टर नेमले गेलेत. तिने कुलपाला फोन केला. मी शेजारच्याच टेबलावर होते. कुलूप म्हणाली, "मॅडम, तुम्ही नाही म्हणा. कुणी काही म्हणणार नाही." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी कुलूप म्हणाली, "वाचलंय आणि गप्प बसवत नाही म्हणता, तर लिहा. तुमचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणजे नंतर मी जे केलं ते अजाणतेपणी केलं, असंही मला म्हणता येत नाही.

पुढच्या आठवड्यात कुलपाला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. बुधवार ते शनिवार रजा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात ठेवली, आणि एक चिठ्ठी. "आलेलं मत जसंच्या तसं पाठवू नकोस. टाईप कर. वेळ नसेल तर पडू दे, मी आल्यावर बघेन." मी म्हटलं, "कळतं गं मला, कुक्कुलं बाळ आहे का मी?"

गुरुवारी त्या मुलीचं मत आलं. सहा पानं, बारीक अक्षरात. आणि त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या ऑफिसातून दोनदा फोन आला, आमच्या लेखाचं काय झालं म्हणून. दुसऱ्या फोननंतर सर दारात येऊन म्हणाले, "आज संध्याकाळच्या आत पाठवा. मला त्यांचा तिसरा फोन घ्यायचा नाही." माझ्या टेबलावर अंकाचे बावीस तक्ते पडलेले. डोकं तापलं. म्हटलं, मरो ते टाईप करणं! फाईल उघडली, शेवटी तिचं नाव आणि हुद्दा होता तो खोडला, वरून खालपर्यंत दोनदा बघितलं, कुठे नाव दिसेना. दिली पाठवून. घरी जाताना मला उलट हुशार झाल्यासारखं वाटत होतं.

सोमवारी कुलूप काळा चष्मा लावून आली. किल्ली मागून घेतली. म्हणाली, "टाईप केलंस ना?"

"हो," मी म्हटलं.

का म्हटलं, देव जाणे. लहान पोरं म्हणतात ना हात धुतले म्हणून, तसं.

ती रजिस्टरात नोंद करायला बसली आणि पाठवलेली फाईल तिने तिच्या कॉम्प्युटरवर उघडली. मी तक्त्यात मान घालून होते. बराच वेळ कळफलकाचा आवाज आला नाही म्हणून वर बघितलं. तिने काळा चष्मा काढून ठेवला होता आणि नाक पडद्याला लागेल इतक्या जवळून बघत होती.

"इकडे ये," ती म्हणाली.

मी गेले. माझ्या कॉम्प्युटरवर जी पानं पांढरीशुभ्र होती, त्यांच्या उजव्या कडेला हिच्या पडद्यावर लाल चौकटी होत्या. त्या मुलीने लेखकाच्या आकड्यांवर कडेला टिपणं केली होती. माझ्याकडे ती दिसायची बंद केलेली, हिच्याकडे चालू. एकतीस टिपणं. आणि प्रत्येक टिपणावर, कॉम्प्युटरने आपण होऊन घातलेलं, तिचं नाव. आडनावासकट, एकतीस वेळा.

मी तिच्या खुर्चीची पाठ धरली. वाटलं ती आता ओरडेल, चार शब्द ऐकवेल. तिने ते केलं असतं तर बरं झालं असतं. ती पहिल्या टिपणापासून वाचत सुटली. त्या मुलीने लिहिलं होतं, दीडशे मुलांत चार महिन्यांत एकाचंही वजन एकदाही घटलं नाही, एकाला साधा जुलाब झाला नाही. सगळी वजनं शून्यावर किंवा पाचावर संपतात. अशी वजनं काट्यावर होत नाहीत, टेबलावर होतात.

"खरं मूल काट्यावर गप्प बसत नाही," कुलूप हळूच म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. ऑपरेशनचा डोळा लालभडक झाला होता. "त्यांनी उघडलं असेल?"

त्या दिवसापासून भीती म्हणजे काय ते मला कळलं. तोवर भीती म्हणजे कुत्रं नाहीतर दाताचा डॉक्टर. आता फोन वाजला की तिसऱ्या घंटेपर्यंत मी तो उचलायची नाही. जिन्यात बूट वाजले की माझी नजर दाराकडे. ती फाईल परत बोलवायची कशी? "चुकीची गेली, काढून टाका" असं कळवलं, तर ज्याने उघडली नसेल तोही आधी उघडून बघणार. हात दाखवून अवलक्षण. न कळवावं, तर ती तिथे पडून राहणार, आज ना उद्या कुणीतरी कडेची टिपणं चालू करणार. "काय करायचं गं?" मी दहादा विचारलं असेल. कुलूप फक्त म्हणायची, "थांब. मला विचार करू दे."

मंगळवारी अकराच्या सुमाराला बूट वाजले आणि ते खरंच आले. मोठे डॉक्टर, स्वतः. एकोणीस वर्षांत ते आमच्या खोलीत कधी आलेले नव्हते, सरांना बोलावून घ्यायचे. सर बाहेर गेले होते. ते माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले, पाय पायावर टाकला. हातात कागदांची गुंडाळी होती.

"डोळा कसा आहे, बाई?" त्यांनी कुलपाला विचारलं.

हिच्या डोळ्याचं यांना कुणी सांगितलं?

"बराय," ती म्हणाली.

"जपा. तुमच्या कामात डोळे महत्त्वाचे." त्यांनी गुंडाळी सोडवली आणि टेबलावर पालथी ठेवली. "तुमचे दुसरे परीक्षक फार बारकाईने वाचतात हो. मला कौतुक वाटलं. कोण आहेत ते मी विचारणार नाही. आणि विचारलं तरी तुम्ही सांगायच्या नाहीत, हो ना?"

"नाही सांगणार," कुलूप म्हणाली.

"वा. अशी माणसं राहिली नाहीत." ते हसले. त्या हसण्यात ठाऊक असणं होतं की नुसतं मोठेपण होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

मी त्या पालथ्या कागदांकडे बघत होते. त्यात लाल चौकटी असतील का? उलटून बघावं तर कसं? आणि ही बाई, एका डोळ्याने अर्धं दिसणारी, उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि साध्या आवाजात म्हणाली, "सर, ती प्रत बघू जरा. पाठवताना एखादं पान सुटलं की काय, शंका आहे मला." त्यांनी भुवई उचलली, पण कागद दिले. तिने एकेक पान मोजत उलटलं. एक ते सहा. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. कडा पांढऱ्या होत्या. एकही चौकट नाही.

"आहेत सगळी," म्हणून तिने कागद परत केले.

मला रडूच येणार होतं, सुटलो म्हणून. ते उठले. दारापाशी वळून म्हणाले, "मी कागदावरच वाचतो. जुना माणूस. आमच्याकडची तरुण मंडळी सगळं पडद्यावर वाचतात. त्यांना त्यातलं जास्त दिसतं म्हणे." आणि गेले.

बूट जिन्यावरून खाली उतरले. मग मी म्हटलं, "त्यांना माहीत नाही गं. सहज बोलले." ती म्हणाली, "असेल." मी म्हटलं, "किंवा माहीत असेल." ती म्हणाली, "असेल." आणि फोन पुढे ओढला.

"कुणाला करतेस?"

"तिला. तिला आधी कळलं पाहिजे. माझ्यासारखं तिसऱ्या रांगेत उभं असताना कळायला नको."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "थोडं थांब, कदाचित काहीच होणार नाही." खरं सांगते, मला त्या मुलीची काळजी नव्हती तेव्हा. मला माझी होती. सरांना कळलं तर मला घरी बसवणार, या वयात मला दुसरं कोण घेणार, मला आकडे तपासण्याशिवाय येतं काय! ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिला सगळं दिसलं असणार, एका डोळ्याने का होईना. तिने माझा हात बाजूला केला आणि नंबर फिरवला.

"मॅडम, जर्नलमधून बोलतेय. वाईट बातमी आहे. तुमचं मत मोठ्या डॉक्टरांकडे गेलं त्यात तुमचं नाव राहून गेलं. त्यांनी बघितलं की नाही, माहीत नाही. बघितलंय असं धरून चाला." मग थोडं थांबून म्हणाली, "चूक माझी."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंड उघडलंसुद्धा. मग मिटून घेतलं.

मग त्या मुलीचा आवाज आला, मलाही ऐकू आला. "तुम्ही शब्द दिला होता मला." कुलूप म्हणाली, "हो, दिला होता." तिकडून फोन ठेवला गेला.

बुधवारी तिने सरांना सांगितलं आणि त्यांच्यापुढे राजीनामा ठेवला. सर गोंधळले. "पण तुम्ही तर रजेवर होतात! पाठवलं कुणी?" मी दारात उभी. कुलूप म्हणाली, "घरून फोन करून मीच सांगितलं होतं, तसंच पाठव म्हणून. हिने माझं ऐकलं." सरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी मान हलवली. हो अशी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तर तो चोर शेजारी उभा राहून मान डोलवत होता.

जाताना तिने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मी खालच्या आवाजात म्हटलं, "का गं केलंस असं?" ती म्हणाली, "माझा एक डोळा गेल्यातच जमा आहे. तुझे दोन्ही शाबूत आहेत. आता टाईप करत जा." एवढंच. रागही नाही. राग असता तर मी रागाने उत्तर दिलं असतं, मला ते जमतं.

लेख आम्ही छापला नाही. तिसऱ्या परीक्षकानेही तेच लिहिलं, तेव्हा सरांनी धीर करून तो परत पाठवला. दोन महिन्यांनी त्या मुलीचा करार संपला आणि तिला कायम केलं नाही. कारण दिलं, जागा नाही. खरोखरच जागा नव्हती? की लाल चौकटी कुणीतरी बघितल्या होत्या? मी कुणाला विचारणार? चोराच्या मनात चांदणं. मी त्यानंतर प्रत्येक मत टाईप करते, पहिल्या अक्षरापासून, आणि पाठवण्याआधी कुलपाच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडून कडा तपासते. तीनतीनदा. घरी गॅस बंद केला की नाही बघायला उठते, तशी ऑफिसात परत जाऊन बघून आलेय. नवरा म्हणतो, डॉक्टरला दाखव.

कुलपाकडे जायचं मी टाळत होते. फोनवर बोलायचो. डोळा कसा आहे, बराय. घड्याळांची टिकटिक मागे ऐकू यायची.

सात महिन्यांनी, परवा दुपारी, दार वाजलं. एक सडसडीत मुलगी आत आली, खांद्याला पिशवी. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण आवाज ऐकताच ओळखलं. म्हणाली, "इथे एक बाई होत्या, परीक्षकांचं बघायच्या. त्यांना भेटायचंय."

"त्या आता येत नाहीत," मी म्हटलं.

"मी उद्या दुसरीकडे नोकरीला चाललेय, लांब. जायच्या आधी एकदा त्यांचा चेहरा बघायचा होता." ती कुलपाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. "त्यांनी मला तेव्हा नाही म्हणा असं सांगितलं होतं. मग शब्दही दिला. सात महिने मी एकच विचार करतेय, की अशी बाई एवढी निष्काळजी कशी झाली? तुम्ही त्यांच्या शेजारी बसायचात ना? तशा होत्या का त्या?"

झालं. जिभेवर तेच खोटं आलं, सात महिन्यांपूर्वीचं. मी म्हणू शकले असते की वय झालं होतं, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती ऐकून निघून गेली असती. टेबलाचा कोपरा धरून मी म्हटलं, "नव्हत्या तशा. त्या रजेवर होत्या. पाठवणारी मी. टाईप करायचा कंटाळा केला, खोटं बोलले, आणि त्यांनी ते स्वतःवर घेतलं तेव्हा गप्प बसले."

तिने पिशवी खांद्यावर सावरली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तरी चाललं असतं. तिने फक्त विचारलं, "त्या कुठे राहतात?" मी पत्ता लिहून दिला. माझं अक्षर इतकं वाकडं आलं की तिला वाचून दाखवावं लागलं.

संध्याकाळी घरी येऊन बसले होते, दिवा लावायचंही भान नव्हतं. फोन वाजला. कुलूप. एकोणीस वर्षांत तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"तुला कुणी सांगायला सांगितलं होतं गं? रजिस्टरातलं एकही नाव माझ्या हातून कधी बाहेर गेलं नाही. रजिस्टराबाहेरचं एकच नाव मी जपत होते, तुझं. तेही तूच फोडलंस!"

मी हमसून रडायला लागले. मागे चाळीस घड्याळं टिकटिकत होती. तिने मला रडू दिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ती पोरगी इथेच बसलीय. तू सांगितलेलं सगळं आल्या आल्या बोलून मोकळी झाली. मी पाणी दिलं, तेही तसंच आहे. म्हणते, त्यांना बोलवा. आता ये."

"ती काय म्हणेल गं?"

"मला काय माहीत?" कुलूप म्हणाली. "ये तू."

मी फोन ठेवला. नवऱ्याने विचारलं, कुठे निघालीस, तर म्हटलं, कुलपाकडे. चपला घालताना पट्ट्यात पाय जाईना, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा गेला. मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागले.